3.10 डझन म्हणजे किती नग? शीटमधली चूक अशी पकडा

खापरखेड्यात जून म्हणजे शाळेचा सीझन. पेन डझनात येतात, गिऱ्हाईक सुटे मागते. मी एक्सेलमध्ये विक्री अशी लिहायचो: 3 डझन 5 नग विकले की 3.5. शीट त्याचे नग करून स्टॉकमधून वजा करायची.

एका रात्री मोजलं तर रॅकवर 9 पेन कमी! अशा वेळी पहिला संशय कोणावर जातो? कामावरच्या पोरावर. त्याला बोलायच्या आधी मी शीट तपासली, म्हणून वाचलो.

तपासायचं कसं? ज्यांचं उत्तर आपल्याला तोंडी येतं, असे आकडे टाका. 3.5 टाकलं, 41 आलं. बरोबर. 3.9 ला 45. तेही बरोबर. 3.10 टाकलं, तर 37! पाहिजे होते 46. फरक 9. त्या दिवशीच्या नोंदीत एक 3.10 होतीच.

कारण सोपं आहे. एक्सेलसाठी 3.10 आणि 3.1 एकच. ते दहाच्या हिशोबाने वाचते, डझन चालतो बाराच्या हिशोबाने. नऊ नगांपर्यंत चूक दिसतच नाही, 10 आणि 11 ला फसते. क्रिकेटमध्ये 19.5 ओव्हरनंतर एक चेंडू टाकला की 20 होतात, 19.6 नाही. तिथे हिशोब सहाचा. आपल्या आजोबांचा रुपया 16 आण्यांचा होता, 1 एप्रिल 1957 पासून 100 नव्या पैशांचा झाला. पाया बदलला की हिशोबाची रीत बदलते.

आता दुरुस्ती:

1. डझन आणि सुटे नग वेगवेगळ्या कॉलममध्ये लिहा. टिंब बंद!
2. एकूण नग = डझन गुणिले 12, अधिक सुटे.
3. उलट करताना 12 ने भागा. भागाकार म्हणजे डझन, बाकी म्हणजे सुटे. बाकीसाठी एक्सेलमध्ये मॉड फॉर्म्युला आहे.
4. 0, 11, 12, 13, 143, 144 हे आकडे टाकून पाहा. 143 चे 11 डझन 11 यायला पाहिजे, 144 चे बरोबर 12 डझन. नगाचे डझन करून परत नग केले, तर तोच आकडा आला पाहिजे.

चूक नेहमी काठावर लपते, म्हणून काठावरचे आकडे आधी तपासा. आणि माल कमी दिसला तर माणसाआधी फॉर्म्युल्याला विचारा. पेन पुन्हा विकत मिळते, विश्वासाचा माणूस मिळत नाही.

आज रात्री दुकान बंद केल्यावर तुमच्या शीटमध्ये एकदा 3.10 टाकून बघाच!