लाखात एक, पण एकाच विहिरीवर

गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेला ‘जीबीएस’, वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो. मग त्याचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर त्याच्या मुळाशी आहे. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या चिकनमधून पोटात जातो. जुलाब होतात आणि बहुतेकांचे आपोआप थांबतात. मात्र या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच असतात. त्यामुळे हजारात साधारण एकाच्या शरीरात जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं नसांवरच तुटून पडतात. पोट बरं झाल्यावर, एक ते तीन आठवड्यांनी, पायांतलं बळ जाऊ लागतं.

रुग्ण म्हणतो, पायात मुंग्या येतात, जिना चढवत नाही. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात, पण पाय उडत नाही. मग ते एका दमात आकडे मोजायला सांगतात. सकाळी तिसापर्यंत गेलेली मोजणी संध्याकाळी पंधरावर अडली, तर छातीचे स्नायू थकू लागले हे कळतं. ऑक्सिजनचा आकडा तोवर चांगलाच दिसत असतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबता येत नाही. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे खरे उपचार. नुसत्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण त्याला कित्येक महिने लागतात.

‘मग प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिक का देऊ नये?’ कारण त्यामुळे जीबीएस टळतो याचा भरवसा नाही आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू मात्र वाढतात. या आजाराला अटकाव करायचा तो पाण्यातच. ‘हजारात एक’ हा हिशेब एका माणसापुरता दिलासा देतो. हजारो घरं एकाच विहिरीचं पाणी पितात तेव्हा तोच हिशेब उलटतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात जीबीएसची साथ आली तेव्हा हेच दिसलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत नोरोव्हायरसही सापडला, म्हणून सगळा दोष एकाच जिवाणूवर टाकता येणार नाही. पण दोन्ही मैलामिश्रित पाण्यातून पसरू शकतात, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही. विहिरीत क्लोरीन पडतं का आणि शेवटच्या नळाला ते उरतं का, याची तपासणी साथ ओसरल्यावरही रोज व्हायला हवी. आणि जुलाबानंतर पाय जड वाटले, तर अशक्तपणा म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.