उघडावेत अनेक, बनवावेत मोजके: कॉम्प्रेशनच्या फॉरमॅटविषयीचे गैरसमज

फाइलींचा गठ्ठा बांधून त्याचा आकार कमी करणारी सॉफ्टवेअर आपली महती फॉरमॅटच्या यादीने सांगतात. झिप, रार, सेव्हन-झेड, टार, जीझिप यांच्यापाठोपाठ आणखी डझन-दोन डझन नावे येतात आणि यादी लांब म्हणजे सॉफ्टवेअर चांगले, असा ग्रह होतो. वास्तविक एखादा फॉरमॅट यादीत घेणे ही जबाबदारी असते. त्या फॉरमॅटमधली फाइल सुरक्षितपणे उघडेल आणि त्यात बांधलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर, दहा वर्षांनीही उघडेल, याची हमी त्यात गृहीत असते. म्हणून असे सॉफ्टवेअर फाइली उघडताना उदार आणि बनवताना काटेकोर असावे, आणि ज्या फॉरमॅटची देखभाल त्याला जमत नाही तो त्याने काढून टाकावा. याला आड येणारे पाच समज एकेक करून तपासू.

गैरसमज १: जितके फॉरमॅट जास्त, तितके सॉफ्टवेअर चांगले

वस्तुस्थिती: यादीतला प्रत्येक फॉरमॅट म्हणजे अनोळखी फाइल वाचणारा आणखी एक प्रोग्रॅम, आणि त्यात चूक असेल तर ती फाइल पाठवणाऱ्याच्या हाती जाते. याचा पुरावा २०१९ च्या फेब्रुवारीत मिळाला. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की, विनरार या सॉफ्टवेअरमध्ये ‘एस’ नावाचा जुना फॉरमॅट उघडण्यासाठी जो भाग वापरला जात होता, त्यात गंभीर त्रुटी आहे. मुद्दाम तयार केलेली फाइल उघडली की तिच्यातला घातक प्रोग्रॅम वापरकर्त्याने निवडलेल्या फोल्डरऐवजी विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसत असे आणि संगणक पुढच्या वेळी सुरू होताच आपोआप चालू होत असे. फाइलीच्या नावाचा शेवट ‘रार’ असा केला तरी आतला मजकूर ओळखून तोच सदोष भाग कामाला लागे. त्यामुळे एस हे नावही न ऐकलेले लोक धोक्यात होते. तो भाग २००५ नंतर सुधारलाच गेला नव्हता आणि त्याचा मूळ सोर्स कोड विनरारच्या निर्मात्यांकडे नव्हता. दुरुस्ती शक्य नसल्याने त्यांनी एस फॉरमॅटच काढून टाकला, आणि तो निर्णय योग्य होता. यावर आक्षेप येतो की, असे फॉरमॅट काढले तर जुने संग्रह कायमचे बंद होतील. आक्षेपात तथ्य आहे. ग्रंथालये आणि अभिलेखागारांना जुन्या फाइली वाचाव्याच लागतात. पण ती गरज थोड्यांची आहे आणि ती वेगळ्या, मागून जोडता येणाऱ्या भागाने, उरलेल्या संगणकापासून अलग ठेवलेल्या जागेत भागवता येते. थोड्यांच्या सोयीसाठी तो धोका सर्वांच्या संगणकावर ठेवण्याचे कारण नाही.

गैरसमज २: जो फॉरमॅट सर्वांत लहान फाइल करतो, तोच सर्वांत चांगला

वस्तुस्थिती: एक बिटही न गमावता प्रत्येक फाइल लहान करणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. लांब फाइलींची संख्या लहान फाइलींपेक्षा नेहमीच जास्त असते. सगळ्याच आखडल्या तर दोन वेगळ्या फाइलींचे रूप एकच होईल आणि मूळ फाइल परत मिळणार नाही. कॉम्प्रेशन चालते ते पुनरावृत्तीवर. मराठी साध्या मजकुराच्या फाइलीत ही पुनरावृत्ती भरपूर असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांतले पहिले दोन बाइट सगळ्या देवनागरीत मिळून दोनच प्रकारचे असतात, म्हणून असा मजकूर जुन्या साध्या झिपमध्येही चांगलाच आखडतो. याउलट जेपेग फोटो, एमपी-४ व्हिडिओ आणि जेपेग चित्रांनी भरलेली स्कॅन पीडीएफ आधीच आखडलेली असते; तिथे कोणताही फॉरमॅट फारसे काही वाचवत नाही. सेव्हन-झेड अनेकदा झिपपेक्षा लहान फाइल देतो, हे खरे. झिपची नेहमीची डिफ्लेट पद्धत मागच्या फक्त ३२ किलोबाइटमध्ये साम्य शोधते, तर सेव्हन-झेडची एलझेडएमए पद्धत कितीतरी मागे जाऊन शोधते. शिवाय तो फॉरमॅट अनेक फाइली एकाच सलग प्रवाहासारख्या आखडू शकतो. त्याची किंमतही असते. शेवटची एक फाइल हवी असेल तर तिच्या आधीचा भाग उलगडावा लागतो, आणि मध्ये बिघाड झाला तर पुढच्या फाइलीही त्यात अडकतात. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्र ठेवते, म्हणून हवी ती चटकन काढता येते. वेळेचा हिशेबही मोठा आहे. आर्च लिनक्सने २०१९ च्या डिसेंबरअखेर आपली पॅकेजेस एक्सझेडऐवजी झेडस्टँडर्ड पद्धतीने देण्यास सुरुवात केली, तेव्हा एकूण आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, पण उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला. गठ्ठा एकदा बांधला जातो आणि लाखो वेळा उलगडला जातो. तिथे शेवटचा टक्का वाचवण्यापेक्षा वेग मोलाचा ठरतो.

गैरसमज ३: झिप कालबाह्य आहे, खरे फॉरमॅट रार आणि सेव्हन-झेड

वस्तुस्थिती: फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने १९८९ मध्ये झिप आणला आणि त्याची रचना जाहीर केली. जाहीर रचनेमुळे तो कोणालाही राबवता आला आणि आज तो नजरेआड सगळीकडे आहे: वर्डची डॉक्सएक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, ई-पुस्तकांची ईपब, अँड्रॉइडची एपीके ही सगळी आतून झिपच आहेत. कागदपत्रांच्या डब्यासाठी त्याच्या मोजक्या, सुरक्षित भागाचे आंतरराष्ट्रीय मानकही २०१५ मध्ये आले. युजीन रोशाल यांचा रार हा १९९३ चा. तो उलगडण्याचा कोड उपलब्ध आहे, पण तो वापरून रार बनवणारा प्रोग्रॅम लिहिण्यास परवान्यात मनाई आहे. त्यामुळे इतर सॉफ्टवेअरनी रार उघडावा, पण बनवण्याचा पर्याय देऊ नये, हेच रास्त. बिघाड झालेली फाइल सावरण्यासाठी रारमध्ये जादा माहिती साठवता येते आणि तो त्याचा खरा गुण आहे. तरीही ज्याच्या निर्मितीची किल्ली एकाच हाती आहे, त्यावर सार्वजनिक दप्तर सोपवणे दूरदृष्टीचे नाही. इगोर पाव्हलोव यांचा सेव्हन-झेड या बाबतीत खुला आहे. विंडोज ११ ने २०२३ मध्ये रार, सेव्हन-झेड आणि टार उघडण्याची सोय ‘लिबआर्काइव्ह’ या खुल्या संचातून आणली आणि उघडण्यातला उदारपणा दाखवला.

गैरसमज ४: झिप म्हणजे झिप, ती कुठेही सारखीच उघडते

वस्तुस्थिती: एकाच नावाखाली अनेक पिढ्या नांदतात. मूळ झिपची मर्यादा ४ जीबी आणि ६५,५३५ फाइलींची होती. ती ओलांडणारा विस्तार २००१ मध्ये आला आणि फार जुन्या प्रोग्रॅमना तो कळत नाही. झिपमध्ये एलझेडएमए किंवा झेडस्टँडर्डसारख्या नव्या पद्धतीही भरता येतात, पण अशी फाइल अनेक ठिकाणी उघडत नाही. मराठी वापरणाऱ्यांना सर्वांत जवळचा प्रश्न फाइलींच्या नावांचा. मूळ झिपमधली नावे आयबीएमच्या जुन्या रोमन संचात लिहिली जात आणि त्यात देवनागरीला जागाच नव्हती. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगणारी अधिकृत खूण २००६ मध्ये आली. सॉफ्टवेअरने ही खूण लावली नाही, तर ‘वार्षिक अहवाल’ नावाची फाइल दुसरीकडे निरर्थक चिन्हांची माळ होऊन बाहेर पडू शकते. म्हणून झिप चालते का, एवढेच विचारून भागत नाही. देवनागरी नावे जशीच्या तशी परत येतात का, हे तपासायला हवे.

गैरसमज ५: पासवर्ड लावला की गठ्ठा सुरक्षित

वस्तुस्थिती: झिपची जुनी पासवर्ड पद्धत एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच मोडून दाखवली, आतल्या मजकुरातला थोडासा भाग ठाऊक असला तर ती फोडता येते. एईएस ही भक्कम पद्धत झिपमध्ये नंतर आली, पण नेहमीच्या झिपमध्ये तीही मजकूरच झाकते, फाइलींची नावे उघडीच राहतात. सेव्हन-झेड आणि रार नावेही झाकू शकतात. चांगल्या सॉफ्टवेअरने जुनी पद्धत फक्त उघडण्यापुरती ठेवावी आणि नवा गठ्ठा एईएसनेच बांधावा.

हे सारे जोडले की शिफारस स्पष्ट होते. बनवण्यासाठी चार पर्याय पुरतात: सर्वांना पाठवायला डिफ्लेट पद्धतीची, यूटीएफ-८ नावांची झिप, जास्त आखडायला आणि नावांसकट झाकायला सेव्हन-झेड, लिनक्सवर फाइलींचे हक्क व दुवे जपायला टार, जीझिपच्या जोडीने, आणि वेग हवा तिथे टारसोबत झेडस्टँडर्ड. टार फक्त गठ्ठा बांधतो, आकार कमी करत नाही, म्हणून त्याला जोडीदार लागतो. उघडण्यासाठी यांच्याबरोबर रार, एक्सझेड, बीझिप-२ आणि डिस्क इमेज असाव्यात. पर्याय कमी केल्याने वापरकर्त्याचे स्वातंत्र्य घटते, असे कोणी म्हणेल. पण गठ्ठा बहुधा दुसऱ्यासाठी किंवा पुढच्या काळासाठी बांधला जातो, आणि तो उघडणाऱ्याला निवड नसते. त्याचा विचार आधी व्हावा. खुला फॉरमॅट आपोआप सुरक्षित ठरत नाही, हेही मान्य करायला हवे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडच्या संचात लपवलेला चोरदरवाजा अँड्रेस फ्रॉइंड यांना सापडला. अनेक वर्षे तो संच मुख्यतः एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता, आणि मदतीला आलेल्याने त्याचा विश्वास मिळवून हा घात केला. म्हणजे फॉरमॅट खुला असणे ही पहिली अट, आणि तो सांभाळणारी पुरेशी माणसे असणे ही दुसरी. शाळा, पालिका, ग्रंथालय किंवा छोटा व्यावसायिक, ज्यांना असे सॉफ्टवेअर निवडायचे आहे, त्यांनी यादीची लांबी न मोजता या दोन अटी विचाराव्यात.