एका टेप लायब्ररीची सुविहित वाटणी

चुंबकीय फितीवर माहितीची प्रत राखण्याची रीत कालबाह्य झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी, २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांतून नाहीशी झालेली पत्रे गूगलने अखेर टेपवरूनच परत आणली, ही हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी.

एलटीओ प्रकारच्या फितींच्या नवव्या पिढीतील, म्हणजे एलटीओ-९ च्या, तळहातावर मावणाऱ्या कार्ट्रिजमध्ये एक किलोमीटरहून लांब फीत गुंडाळलेली असून तीवर १८ टेराबाइट माहिती, कोणत्याही संक्षेपाविना, सामावते. आणि अशी कार्ट्रिजे खणांत मांडून, बारकोड वाचून, यांत्रिक हाताकरवी ड्राइव्हमध्ये चढविणारा स्वयंचलित दप्तरखाना म्हणजे टेप लायब्ररी.

या दप्तरखान्याचे पार्टिशन, म्हणजे वाटणी, करताना प्रत्येक हिश्श्यास स्वतंत्र खण व निदान एक ड्राइव्ह नेमून द्यावा लागतो, यांत्रिक हात मात्र सर्वांचा सामाईक राहतो. त्यामुळे एका खात्याच्या बॅकअप सॉफ्टवेअरला दुसऱ्या खात्याची कार्ट्रिजे दिसतच नाहीत, आणि अनवधानाने दुसऱ्याचे दप्तर पुसले जाण्याची भीती उरत नाही.

एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ ची फीत वाचतो व लिहितो, परंतु एलटीओ-७ ची वाचू शकत नाही. म्हणून जुन्या पिढीच्या फितींसाठी जुन्या ड्राइव्हसह निराळा हिस्सा राखावा. बारकोडाच्या अखेरीचे 'एल७' वा 'एल९' हे चिन्ह पिढीची ओळख पटविते.

वाटणी बदलण्यापूर्वी चालू कामे थांबवावीत, नंतर खणांची मोजदाद नव्याने करावी, आणि अधूनमधून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहावी; कारण जी परत मिळत नाही, ती प्रत असून नसल्यासारखीच होय.