पाटी, कुलूप आणि खिशातली किल्ली

मंडळी, आजचा विषय ऐकून येता येता दोघांनी विचारले, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कुलपांचे काय पडले आहे. सांगतो आम्ही, पण आधी शब्दांकडे बघू.

'कुलूप' मूळचे अरबी. तिकडचा 'कुफ्ल' फारसीतून आपल्याकडे आला आणि येता येता त्याच्या अक्षरांची अदलाबदल झाली. 'टाळे' संस्कृतकडून आलेले, आणि त्या टाळ्यावरून झाली टाळेबंदी. २०२० साली हा शब्द आपण सगळ्यांनी घरात बसून ऐकला, पण त्याआधी तो कामगारांच्या जगातला शब्द होता. मालक कारखान्याच्या फाटकाला टाळे लावतो, कामगार बाहेर राहतो, ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिची व्याख्याच दिलेली होती. इंग्रजीत तिला म्हणतात लॉकआउट.

आता गंमत बघा. आज चाकणच्या किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यात देखभाल करणाऱ्या फिटरला कोणी विचारले, 'लॉकआउट केलं का?', तर त्याचा अर्थ नेमका उलटा. कुलूप कामगाराच्या हातात, आणि ते लावायचे यंत्राला. ते यंत्र चालू करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते अडवते, त्यात साहेबही आला. एकाच शब्दाने मालकाचा अधिकार सांगायचा आणि त्याच शब्दाने कामगाराचा, असे भाषेत फार वेळा होत नाही.

हे कुलूप लागते कशाला? पॉवर प्रेस डोळ्यांसमोर आणा. वरून दणकन खाली येणारा दट्ट्या, खाली साचा, मध्ये पत्रा. साचा बदलायचा म्हणजे माणसाला दोन्ही हात त्या मधल्या जागेत घालावे लागतात. तेवढ्यात पलीकडून कोणी बटण दाबले, तर बोटे जातात. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या धंद्यात असे हात आपल्याकडे कमी गेलेले नाहीत. आणि लक्षात घ्या, बटण दाबणारा माणूस दुष्ट नसतो. शिफ्ट बदललेली असते, त्याला यंत्र बंद दिसते, माल द्यायचा असतो, तो आपले काम करायला जातो. नीतिशास्त्रात आम्ही हेतूबद्दल पुष्कळ शिकवतो. इथे हेतू तपासून काहीच हाती लागत नाही, सगळ्यांचे हेतू चांगलेच असतात.

मग उपाय काय? सदाशिव पेठेतल्या माणसाला पहिला उपाय सुचतो तो पाटीचा. 'काम चालू आहे. स्विच लावू नये. लावल्यास परिणामांची जबाबदारी आपली.' पाट्यांच्या बाबतीत आमचा हात कोणी धरू शकत नाही. पण पाटी वाचावी लागते, वाचून पटावी लागते आणि पटली तरी पाळावी लागते. 'गेटसमोर वाहन लावू नये' या पाटीखाली किती दुचाक्या उभ्या असतात, ते जाता जाता मोजा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८९ साली याबद्दल जो नियम केला त्यात हा भेद स्पष्ट आहे. कुलूप बसण्याची सोय असेल तर कुलूप लावा. नुसत्या पाटीवर भागवायचे असेल, तर तिच्यानेही तेवढेच संरक्षण मिळते हे मालकाने दाखवून द्यायचे. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही चोविसाव्या कलमात हीच समज होती. वीज तोडणारा खटका चुकून बंदचा चालू होऊ शकत असेल, तर त्याला सुरक्षित जागी कुलूपबंद करण्याची सोय हवी, असे ते कलम सांगत असे.

पण आपल्या वायरमनला हे तत्त्व कायदा न वाचताच कळलेले आहे. जुन्या इमारतीत दुरुस्तीला येणारा जाणता वायरमन काय करतो? मेन स्विच बंद करतो, फ्यूजची पकड ओढून काढतो आणि सरळ खिशात घालतो. मग शिडीवर चढतो. आता खाली कोणी कितीही खटके दाबले तरी वीज येणार कुठून? ती त्याच्या खिशात आहे. आमच्या मते ही आपल्याकडची सगळ्यात प्रामाणिक सुरक्षा-पद्धत. तिच्यात उणीव एवढीच, की कोणी उतावळा रिकाम्या खाचेत दुसरी फ्यूज बसवतो किंवा नुसती तार अडकवतो.

सुरक्षा-कुलूप म्हणजे त्या खिशातल्या फ्यूजचीच सुधारलेली आवृत्ती. हातात घेतले तर निराशा होते, इतके ते हलके. अंग नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचे, कारण विजेच्या पेटीशी काम असते आणि धातूतून वीज वाहते. रंग भडक, बहुधा लाल. अंगावर कामगाराचे नाव, कधी फोटो. उघडे असताना किल्ली निघतच नाही, म्हणजे अर्धवट लावून निघून जायची सोय नाही. आणि मुख्य नियम असा: एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. चार जण काम करत असतील तर एकाच खटक्याला चार कुलपे, त्यासाठी भोके पाडलेली एक कडी मिळते. चौथा माणूस आपले कुलूप काढून नेईपर्यंत यंत्र चालू होत नाही. तिघे जेवायला गेले असले तरी नाही.

याच कुलपाचे दुसरे गिऱ्हाईक मात्र अगदी वेगळे आहे. किल्लीशिवाय कुलूप उघडणे हा जगात एक छंद आहे. जर्मनीत १९९७ पासून अशा हौशी लोकांची रीतसर संघटना आहे, हॉलंडमध्येही आहे. ही मंडळी सरावाला आवडीने घेतात त्यांत कारखान्यातली सुरक्षा-कुलपेही असतात. काही नवशिक्याला सोपी, काहींच्या आतल्या पिना खाचा पाडलेल्या, त्या थोड्या झुंजवतात.

हे जमते कसे, त्याचे तत्त्व सोपे आहे. आत एक फिरते नळकांडे असते, त्याला आडव्या पिनांच्या जोड्या, वरून स्प्रिंगा. बरोबर किल्ली प्रत्येक जोडीचा सांधा नेमक्या रेषेवर आणते आणि नळकांडे फिरते. कागदावर हे निर्दोष आहे. पण पिनांची भोके माणसाने बनवलेल्या यंत्राने पाडलेली असतात, ती एका ओळीत अगदी तंतोतंत नसतात. त्यामुळे नळकांड्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, एकच आधी अडते. ती उचलून बसवली की दुसरी अडते. कुलूप अशुद्धतेतून उघडते, असे आम्हाला म्हणावेसे वाटते. रस्त्याच्या कडेला बसणारा आपला चावीवाला कोरी किल्ली आत घालतो, हलवतो, बाहेर काढून तिच्यावरचे ओरखडे उजेडात बघतो आणि तेवढेच कानसतो. त्याचेही शास्त्र याच्याच शेजारचे. त्याला कोणी छंद म्हणत नाही, इतकेच.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामाचे प्रसिद्ध कुलूप उघडून दाखवले. उघडणाऱ्याला दोनशे गिनी, अशी पाटी लावून ते कित्येक वर्षे दुकानाच्या खिडकीत ठेवलेले होते. सोळा दिवसांत मिळून त्याला ५१ तास लागले. इंग्लंडमध्ये ओरड झाली, की असली माहिती चोरांच्या हाती देऊ नका. हॉब्सच्या बाजूचे म्हणणे असे, की चोरांना ती आधीच असते, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. आम्ही हॉब्सच्या बाजूचे.

आता खरा प्रश्न. सरावलेला हौशी जे कुलूप बघता बघता उघडतो, त्यावर कामगाराने जीव टाकावा का?

टाकावा. कारण तिजोरीचे कुलूप शत्रूशी बोलत असते, आणि हे कुलूप सहकाऱ्याशी. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले, की काही वाक्ये माहिती देत नाहीत, कृती करतात. 'मी वचन देतो' म्हटले की वचन दिलेले असते. हे लाल कुलूप तशा जातीचे आहे. ते म्हणते, 'मी आत आहे.' त्याला चोर अडवायचा नाही, घाई अडवायची आहे. कुलूप फोडायचे तर माणसाला थांबून हत्यार शोधावे लागते आणि तेवढ्यात त्यावरचे नाव वाचावे लागते.

म्हणून आम्हाला भीती त्या हौशी माणसाची वाटत नाही. त्यांचे दोन नियम आहेत: जे कुलूप आपले नाही आणि ज्याच्या मालकाने परवानगी दिली नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही. भीती वाटते ती सुपरवायझरच्या ड्रॉवरमधल्या दुसऱ्या किल्लीची. 'अडीअडचणीला असावी' म्हणून ठेवलेली ती किल्ली. ती असेल तर नियमाचा अर्थच संपला, मग कुलूप म्हणजे लाल रंगाची पाटी. खरोखर अडचण येतेच, माणूस कुलूप लावून घरी निघून जातो. त्यासाठी त्या अमेरिकन नियमात वेगळी रीत आहे. तो आवारात नाही याची खात्री करा, त्याला गाठायचा शक्य तेवढा प्रयत्न करा, आणि परत कामाला हात लावायच्या आधी त्याला सांगा की तुझे कुलूप काढले आहे. त्रासदायक आहे, आणि असायलाच हवे.

कागदावर विसंबले तर काय होते, हे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर ६ जुलै १९८८ ला दिसले. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीला काढलेली होती, काम अपुरे होते, तसा परवाना लिहिलेलाही होता. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि रात्रपाळीने हाच चालू केला. त्या झडपेचा परवाना त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. १६७ माणसे गेली.

याच्या उलट आपल्या रेल्वेचा एकेरी मार्ग आठवा. स्टेशनवर वेताच्या मोठ्या कड्यातली पिशवी ड्रायव्हरच्या हाती देत, त्यात लोखंडी गोळा असे. दोन स्टेशनांमधली यंत्रे एका वेळी एकच गोळा बाहेर सोडत. तो ज्याच्याकडे, त्याचा रस्ता. तो आत जाईपर्यंत दुसरा निघतच नसे. स्टेशनमास्तरांच्या सद्भावनेची त्यात गरज ठेवलेली नव्हती.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, की सोसायटीची पाण्याची टाकी साफ करताना यातले काय करावे. पंपाच्या एमसीबीवर बसणारी चिमट्यासारखी पकड मिळते, 'एमसीबी लॉकआउट' म्हणून मागा. तिला छोटे कुलूप लावा. किल्ली जो टाकीत उतरणार त्याच्या खिशात, चेअरमनच्या नव्हे. मग तो उतरण्याआधी त्याच्यासमोर पंपाचे बटण एकदा दाबून बघा, चालू होत नाही ना ते. हे शेवटचे लोक हमखास टाळतात. पुष्कळ सोसायट्यांत पाणी कमी झाले की सेन्सर पंप आपोआप चालू करतो, आणि त्याची वायर कधी कधी वेगळ्याच खटक्यावरून घेतलेली असते. तसे निघाले तर त्या दिवशी टाकीत कोणाला उतरवू नका, आधी वायरमनला बोलवा.