‘चेक इंजिन’ दिवा लागला? गाडीला काय झालंय ते मोबाइलवरच बघा

घाट चढताना डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागतो, तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. अनेक छोट्या गाड्यांतून तापमानाचा काटाच गेला. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल. मधलं काहीच दिसत नाही. पण इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, तो आकडा सतत माहीत असतो.

तो बघायचा कुठे?

स्टेअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी पोर्ट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं आहे. आपल्याकडे २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ते असतंच. त्यात ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर ‘टॉर्क’सारखं अ‍ॅप घ्या किंवा छोटा डिस्प्ले बसवा. कूलंट साधारण ८५ ते १०५ अंशांत राहतो. घाटात तो ११०च्या पुढे सरकू लागला, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडू नका.

दुर्लक्षित आकडा : फ्युएल ट्रिम

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा मेळ राखायला ईसीयू पेट्रोल किती वाढवतं-घटवतं, ते फ्युएल ट्रिम टक्क्यांत सांगतं. उणे १० ते अधिक १० ठीक. अधिक २०च्या पुढे गेलं, तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आकडा आयडलला जास्त आणि २,५०० आरपीएमला नॉर्मल असेल, तर बहुधा हवेचा पाइप कुठेतरी गळतोय. उलट असेल, तर पेट्रोल पंप किंवा फिल्टरवर संशय घ्या. पुढे ‘पी०१७१’ कोड येतो आणि अनेकदा बिचारा ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो. त्याने फक्त तक्रार कळवलेली असते!

मग ट्यूनिंगही करायचं का?

आकडे वाचणं वेगळं, ईसीयूचा मॅप बदलणं वेगळं. रीमॅपमध्ये इंधन आणि स्पार्कची वेळ बदलते. अंदाज चुकला तर नॉकिंग होऊन पिस्टनला फटका बसतो, वॉरंटीही धोक्यात येते.

जुनी गाडी घेताय?

अ‍ॅपवरून कोड पुसून दिवा विझवता येतो. विक्रेत्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा. बरेचसे ‘अपूर्ण’ दिसले, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा तपासू द्या म्हणावं. विक्रेता काय म्हणतो, तेही बघा.