विस्थापितांचं अन्न : वर्गणी की पट्टी?

मागच्या व्याख्यानात आपण कांटची कर्तव्याची कल्पना पाहिली. आज ती एका अगदी व्यवहारी प्रश्नाला लावून बघू. युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या माणसाला जेवू घालायचं, तर त्याचा खर्च कोणी द्यायचा? आणि ‘द्यायचा’ म्हणजे काय? दिला तर बरं, की दिलाच पाहिजे?

आधी वस्तुस्थिती. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्करानं मोहीम उघडली आणि पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात आले. कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या छावण्यांत आज दहा लाखांच्या वर माणसं राहतात. या छावण्यांना कुंपण आहे. बाहेर जाऊन रीतसर रोजगार करायला परवानगी नाही, कसायला जमीन नाही. म्हणून जागतिक अन्न कार्यक्रम, ही संयुक्त राष्ट्रांची संस्था, माणशी दरमहा ठरावीक रक्कम एका कार्डावर भरते. त्या कार्डावर छावणीतल्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल घ्यायचं.

२०२३ च्या सुरुवातीला ही रक्कम १२ डॉलर होती. मार्चमध्ये ती १० झाली, जूनमध्ये ८. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसहाशे रुपये. दिवसाला बावीस रुपये, तिन्ही त्रिकाळ मिळून. आता लक्षात घ्या, पीक बुडालं नव्हतं. बाजारात तांदूळ होता. कमी पडल्या त्या देणग्या. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या पाहणीत छावण्यांमधल्या मुलांच्या तीव्र कुपोषणाचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलेलं आढळलं. जागतिक आरोग्य संघटना ज्याला आणीबाणी म्हणते, ती ही रेषा. पुढे पैसे आले आणि २०२४ मध्ये रक्कम टप्प्याटप्प्यानं साडेबारा डॉलरपर्यंत चढली. मार्च २०२५ मध्ये पुन्हा कळवण्यात आलं की एप्रिलपासून ६ डॉलरच मिळतील. ऐन वेळी पैशांची सोय झाली आणि गाडं १२ वर थांबलं. पण त्या तीन-चार आठवड्यांत त्या घरातल्या बाईनं काय हिशेब मांडला असेल, याचा विचार करा.

हे असं का होतं? आपल्याकडे दोन शब्द आहेत : वर्गणी आणि पट्टी. गणपतीची वर्गणी मनाला येईल तेवढी देता येते, नाही दिली तरी चालते. घरपट्टीचं तसं नाही. ती ठरलेली असते, भरली नाही तर थकते, आणि थकबाकीदाराचं नाव यादीत येतं. संयुक्त राष्ट्रांचं नेहमीचं अंदाजपत्रक आणि शांतिसेनेचा खर्च पट्टीवर चालतो. प्रत्येक देशाचा वाटा ठरलेला असतो. दोन वर्षांच्या वाट्याइतकी बाकी साठली तर सनदेच्या १९ व्या कलमाप्रमाणे आमसभेतला मताचा हक्कही जाऊ शकतो. जागतिक अन्न कार्यक्रम मात्र सगळाच्या सगळा वर्गणीवर चालतो. निर्वासितांसाठीची संस्था जवळजवळ सगळी. म्हणजे बैठकांचा खर्च पट्टीतून आणि भाकरीचा वर्गणीतून!

वर्गणीचा एक स्वभाव आहे. ती चित्र पाहिल्यावर येते. सोमालियात २०१० पासून इशारे दिले जात होते. दुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ रोजी. मग दूरदर्शन संचावर मुलं दिसली आणि पैसा वाहू लागला. नंतरच्या अभ्यासात त्या संकटातल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे २ लाख ५८ हजार निघाला, आणि त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जाहीर होण्याआधीच झालेले होते. देणारे निर्दय नव्हते. त्यांना उशिरा दिसलं, इतकंच.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. कांट दोन प्रकारची कर्तव्यं मानतो. घेतलेलं कर्ज फेडणं हे पूर्ण कर्तव्य : कोणाला, किती, कधी हे ठरलेलं. परोपकार हे अपूर्ण कर्तव्य : करायचं तर आहे, पण कोणासाठी, किती, कधी हे करणाऱ्यानं ठरवायचं. ओनोरा ओनील या कांटच्या अभ्यासक विचारतात, अन्नाचा हक्क सगळ्यांना आहे म्हणता, पण तो पुरवायचं काम कोणाचं हे ठरवलंय का? नसेल, तर भुकेल्यानं दार कोणाचं ठोठवायचं?

पीटर सिंगरचा प्रसिद्ध निबंध नोव्हेंबर १९७१ मध्ये लिहिला गेला आणि १९७२ मध्ये छापून आला. तो कशावर होता? पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या नव्वद लाख निर्वासितांवर. त्यांना वर्षभर जगवायला ४६ कोटी ४० लाख पौंड लागणार होते आणि सगळीकडून मिळून साडेसहा कोटींच्या आसपास मिळाले होते, असं तो सांगतो. त्याचा निष्कर्ष : न देणं हा गुन्हाच आहे असं समजून प्रत्येकानं खूप जास्त द्यावं. मला हे अर्धंच पटतं. सिंगरनं वर्गणीची रक्कम वाढवली, पण ती राहिली वर्गणीच.

त्याच महिन्यात आपल्या देशानं दुसरी वाट घेतली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं ‘रिफ्यूजी रिलीफ’ असं छापलेलं तिकीट लावावं लागे. मी तेव्हा कॉलेजात होतो; मीही लावलंय. तुला दया आली का, असं मला कोणी विचारलं नाही. त्या पाच पैशांत सगळा खर्च भागला असं मुळीच नाही. पण कल्पना बरोबर होती : निर्वासिताचं पोट माझ्या मनःस्थितीवर अवलंबून ठेवायचं नाही.

यावर आक्षेप येतो की मोठी राष्ट्रं ठरलेली पट्टीसुद्धा थकवतात. खरं आहे. पण थकबाकीला नाव असतं, ती मागता येते. न दिलेल्या देणगीला नाव नसतं. २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या मदतीचं आवाहन ४४ अब्ज डॉलरवरून २९ अब्जांवर आणलं. गरजू कमी झाले नव्हते, यादी कमी केली. त्या १५ अब्जांचा देणेकरी कोण? कोणीच नाही.

*श्रोत्यांतून प्रश्न : सर, आपल्या मेळघाटातच कुपोषण आहे. मग बाहेरच्यांचं ओझं आपण का घ्यायचं?*

रास्त प्रश्न आहे. मेळघाटातलं मूल उपाशी राहिलं तर ती आपली शरमच आहे. पण त्या मुलाच्या बाजूनं अंगणवाडी आहे, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, उच्च न्यायालयात जनहित याचिका होऊ शकते, आणि झाल्याही आहेत. जाब विचारायला एक सरकार आहे. रोहिंग्यांना १९८२ च्या कायद्यानं त्यांच्याच देशात नागरिकत्वाबाहेर ठेवलं आणि जिथे ते आले तिथे ते पाहुणे. त्यांनी जाब कोणाला विचारायचा? ज्याला सरकार नाही त्याची जबाबदारी सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे वाटा ठरवलेली. नाहीतर ती कोणाचीच नसते.

शेवटी, ‘मी काय करू’ असं विचाराल तर : द्यायचं असेल तर थोडं द्या, पण दरमहा द्या, आणि ते कुठे वापरायचं याची अट घालू नका. बातमी येईल तेव्हा देऊ, असं म्हणू नका. जी पट्टी जग बसवत नाही, ती स्वतःपुरती स्वतःवर बसवायला कोणाची हरकत नाही.