संहितेआधी पेटी

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर राग-तालाच्या शेजारी आणखी एक गोष्ट छापलेली सापडते. चाल अमक्या लावणीची, तमक्या साकीची, कुठल्याशा कानडी पदाची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा चाली गावात होत्याच. शब्द त्यांवर बसले. संगीत दिग्दर्शक नावाच्या वेगळ्या माणसाची गरज पडली ती पुढे. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-कजरीकडून चाली आणल्या आणि नाटककार खाडिलकरांनी त्यांवर पदं रचली. नाटककार मोठा, तरी सुरापुढे थांबायला तयार.

आज नवं संगीत नाटक करायचं म्हटलं की उलटी गंगा वाहते. संहिता पुरी होते, निर्माता मिळतो, थिएटरच्या तारखा हाती येतात, नारळ फुटतो, आणि मग कुणाला तरी आठवतं की यात गाणी आहेत. संगीतकाराला फोन जातो. तो बिचारा तालमीच्या हॉलमध्ये येतो तेव्हा पात्रांच्या जागा ठरलेल्या असतात, संवादांची लय नटांच्या अंगात मुरलेली असते, आणि त्याला सांगितलं जातं, “इथे एक मस्त पद होऊ दे.” नवी संगीत नाटकं पडतात याचं खापर आपण प्रेक्षकाच्या कानावर फोडतो. माझ्या मते ती इथेच, या फोनच्या वेळेपाशी पडतात.

याचा उलटा पुरावा पाहायचा तर पंडित जितेंद्र अभिषेकींची चार-पाच वर्षं जवळून बघावीत. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’, १९६६ मध्ये ‘ययाति आणि देवयानी’ आणि ‘लेकुरे उदंड जाली’, १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’, १९६८ साली ‘हे बंध रेशमाचे’. ‘मत्स्यगंधा’च्या आधी चारच वर्षं, १९६० साली, विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ने वसंत देसाईंच्या चालींवर मरगळलेल्या संगीत रंगभूमीत धुगधुगी आणली होती. पण अभिषेकींनी केलं ते वेगळंच. एकाच मुशीतून त्यांनी दोन नाटकं काढली नाहीत.

वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’त रामदास कामतांसारखा तयार गळा होता, तरी पद आटोपशीर. वन्समोअरवर वन्समोअर घेत तासभर चालणाऱ्या बैठकीला तिथे जागाच ठेवली नाही. प्रसंग संपला की गाणं संपतं. ‘ययाति आणि देवयानी’मध्ये शिरवाडकरांची भाषा भरजरी, तर चालीही रागदारीत खोल उतरलेल्या. मग त्याच वर्षी ‘लेकुरे’: मूल नसलेल्या जोडप्याचं हसतंखेळतं नाटक. इथे श्रीकांत मोघे मुख्य भूमिकेत, आणि ते काही मैफलीचे गवई नव्हेत. अभिषेकींनी तक्रार केली नाही. त्यांनी बोलता बोलता गाता येईल, गाता गाता बोलता येईल अशी रचना केली, पाश्चात्त्य ठेक्याला हात घातला. आग्रा घराण्याच्या तालमीत वाढलेल्या, जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेल्या माणसाने हे करावं, याचं त्या काळी भल्याभल्यांना कोडं पडलं असेल.

आणि ‘कट्यार’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक मुळातच दोन गायक्यांच्या भांडणावर उभं आहे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यात कोण थोर, हे संवादांत सांगून चालत नाही, ते कानाला पटावं लागतं. म्हणजे संगीतकाराने दोन घराणी जवळजवळ नव्याने घडवायची: एकाचा स्वर शांत, लगाव सरळ, दुसऱ्याचा आक्रमक, ताना अंगावर येणाऱ्या. शिष्य सदाशिव त्या दोहोंच्या मधोमध, चोरून शिकणारा. त्याचं गाणं पहिल्या अंकात जसं आहे तसं शेवटी राहिलं तर नाटकच कोसळेल. चाली नसतील तर दारव्हेकरांच्या संहितेचा निम्मा अर्थ गळून पडतो. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे आले, तेव्हा त्या गळ्यासाठीच जणू भूमिका बेतली गेली. पुढे २०१० साली राहुल देशपांडे यांनी आजोबांची ती भूमिका पुन्हा रंगमंचावर उभी केली, २०१५ साली सिनेमा आला. नाटक टिकलं ते या बांधणीमुळे.

ही सगळी नाटकं मुंबईत गाजत होती तेव्हा आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं काम चालू होतं. १९६९ साली ते सुरू झालं; मागोमाग बोईसरला एमआयडीसी आली, कारखाने आले, देशावरून, खानदेशातून, कोकणातून माणसं आली. त्यांच्याबरोबर नाट्यपदांच्या तबकड्या आणि रेडिओवरच्या सकाळीही आल्या. आजही इथल्या नाटकवेड्याला नवं काही बघायचं तर डहाणू लोकल पकडून बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे किंवा त्याही पुढे दादरचं शिवाजी मंदिर गाठावं लागतं. लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ मध्ये. त्याआधी शटल आणि मेमूच्या वेळा पाहून तिसरा अंक अर्धवट सोडणाऱ्यांची एक पिढीच होऊन गेली. एवढा खटाटोप करून पाहिलेल्या नाटकांत इथलं काही सापडत नाही: ‘मत्स्यगंधा’ची कथा कोळ्याच्या पोरीची, पण सातपाटी-दांडीच्या मांगेला मच्छीमारांच्या बोलीचा तिला वारा लागलेला नाही. कानेटकरांचा तो इरादाही नव्हता. इथला प्रेक्षक मात्र ते गपगुमान गिळत आला आहे.

परदेशात गाणं आणि नाटक एकत्र घडवायचं काम कसं चालतं? ‘हॅमिल्टन’ या अमेरिकी संगीतिकेचं पहिलं गाणं लिन-मॅन्युएल मिरांडाने २००९ साली व्हाइट हाउसमध्ये म्हणून दाखवलं, तेव्हा नाटक अस्तित्वातच नव्हतं. मग एकेक गाणं, मग २०१३ मध्ये वासर कॉलेजातलं कच्चं वाचन, २०१५ च्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये प्रयोग आणि त्याच वर्षी ब्रॉडवे. सहा वर्षं. त्याच पब्लिक थिएटरच्या छत्राखाली १९७५ चं ‘अ कोरस लाइन’ नर्तकांच्या गप्पांच्या ध्वनिफितींपासून कार्यशाळेत घडलं होतं. एवढा पैसा आणि एवढा धीर आपल्या निर्मात्याकडे कुठून यावा? साथीदारांची नाइट, ऑर्गन-तबल्याची ने-आण, दौऱ्याची बस, हा हिशेब मांडला की तो आधी ध्वनिमुद्रित ट्रॅककडेच वळतो. त्याला दोष देऊन भागणार नाही.

पण गरिबाची कार्यशाळा आपल्याकडेही आहे आणि तिचं नाव एकांकिका स्पर्धा. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांची ‘देवबाभळी’ तिथूनच आली. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतलेला, तिची शुश्रूषा करायला रूप पालटून आलेली रखुमाई, रंगमंचावर दोनच बाया. स्पर्धेत कस लागल्यावर २०१७ च्या डिसेंबरात भद्रकाली प्रॉडक्शन्सने तिचं दोन अंकी ‘संगीत देवबाभळी’ केलं. संगीत आनंद ओक यांचं, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी गाणाऱ्याही आणि अभिनय करणाऱ्याही. ओवी आणि अभंगाच्या वळणाची गाणी तिथे संवादांतून अशी उगवतात की बोलणं कुठे थांबलं आणि सूर कुठे लागला हे सांगता येत नाही. जात्यापाशी बसलेली बाई दळता दळता गाते, इतकं ते सहज. ज्याला तरुण प्रेक्षक नाही असं म्हणत होते, त्या प्रकाराचे पाचशे प्रयोग झाले.

आता आमच्या जिल्ह्याकडे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मशालींच्या उजेडात मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक येतात. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. संबळ आणि पिपाणीचं वाजप आधी बदलतं, मग सोंग शिरतं. वाजंत्र्याने लय बदलली नाही तर सोंगाला पाऊल टाकता येत नाही. वारल्यांच्या तारप्याचंही तेच. वाळलेल्या दुधीचा फुगा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं रुंद होत गेलेलं तोंड, सांधे मेणाने बंद केलेले. भात कापून झालं की वाजवणारा मधे उभा राहतो आणि नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती फिरतो. फेर कुठे वळायचा, पाय कधी जोरात आपटायचा, हे सगळं तारपेकरी ठरवतो. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत.

मुंबईच्या नाटकात आणि सरकारी कार्यक्रमात तारपा येतो तो बहुधा मिनिटभर, पाहुणे स्थानापन्न होईपर्यंत. कथा त्याच्यावाचून अडत नाही. अडेल अशी कथा इथे नाही असं नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली; त्या उठण्यात वादन, गाणी, लग्नातले धवले यांचं काय झालं, यावर एक नाटक सहज उभं राहील. फक्त तिथे संगीतकाराला पहिल्या दिवसापासून गावात बसावं लागेल, कारण आल्या आल्या त्याची पेटी आडवी येणार आहे. तारप्याचा स्वर दुधीच्या पोकळीवर आणि नळीच्या लांबीवर ठरतो, प्रत्येक वाद्याचा निराळा. तो काळी चारला लावून मिळत नाही. नटीचा गळा कुठला, हे ठरवण्याआधी कोणत्या तारपेकऱ्याचा कोणता तारपा घ्यायचा हे ठरवावं लागेल, तो वाजवून घ्यावा लागेल, त्याच्या हाताशी दुसरा तसाच बनवून ठेवावा लागेल, कारण दौऱ्यावर दुधी फुटली तर प्रयोगाची पट्टीच बदलेल. आणि मग त्या स्वरात गाऊ शकणारी माणसं शोधायला निघावं लागेल, लेखकाने पहिलं पान लिहिण्याच्या आत.